काटा, मॅपवाली बाई आणि पुढची जागा

गुरुवारी फिरायला जाणाऱ्या माणसांकडे किस्से जास्त साठतात, असं माझं निरीक्षण आहे. रविवारवाल्यांना गर्दी मिळते, आम्हाला रिकामे रस्ते मिळतात. चाकणकडच्या आमच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सगळं जग कामावर असतं तेव्हा आम्ही चौघं मोटारसायकली काढतो, कुरुळी फाट्यावर चहा घेतो आणि निघतो. ठरलेल्या ठिकाणी पोचतोच असं नाही. पोचत असतो तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. शुक्रवारी कँटीनमध्ये लोक आम्हाला ‘कुठं गेला होता?’ असं विचारत नाहीत. ‘कुठं जायचं होतं?’ असं विचारतात.

चौघांची ओळख करून देतो. मी क्वालिटीत. दिवसभर लोकांनी बनवलेले पार्ट मोजायचे आणि नाक मुरडायचं, हे माझं काम. राहायला रहाटणीत. स्वभाव चौकस. बायकोच्या भाषेत चोंबडा. भरत टूलरूममध्ये, मूळचा लातूरकडचा. कुठलीही वस्तू कशावरही बसवून देतो. वैशाली आमच्या कॉम्प्युटर विभागात. पिंपळे सौदागरला राहते आणि तिची गाडी आमच्या तिघांपेक्षा मोठी आहे, यावर कुणी बोललेलं तिला आवडत नाही, पण गाडी लावते बरोबर आमच्या मधोमध.

आणि नाना. प्रेस शॉपमधले डाय सेटर, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या मशीनमध्ये साचे बसवणारे. कुरुळीतलंच जुनं घराणं. आयुष्यभर धडाड् धडाड् करणाऱ्या प्रेसशेजारी उभे राहिले. कानात बोळे घालायची शिस्त त्यांच्या उमेदीच्या काळात नव्हती, त्यामुळे आता समोर उभं राहून मोठ्यानं बोललं तर ऐकू येतं, पाठीमागून बोललेलं येत नाही. गाडीवर तर काहीच नाही. मात्र लाइनीत पुढे नानाच. आम्ही फिरायला लागलो त्या पहिल्या गुरुवारपासून पुढे नाना आणि मागे आम्ही.

आमच्यात एकच नियम होता. ज्याच्याकडे रस्ता, तो पुढे. आता वैशालीने हेल्मेटमध्ये स्पीकर बसवून घेतला आणि मॅपवाली बाई तिच्या कानात ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ म्हणायला लागली. ती बाई नानांशी बोलू शकत नव्हती. म्हणजे जीपीएस ठरला की वैशाली पुढे आणि नाना मागे. एवढा सरळ हिशोब होता.

म्हणून होकायंत्र की जीपीएस, हा आमच्या टोळीतला वाद कधीच यंत्रांचा नव्हता. वर्षाअखेर नाना रिटायर होणार होते. एकदा फाट्यावर चहा पिता पिता ते म्हणाले, “कंपनी घरी बसवणारच हाय. गाडीवर तरी पुढं ऱ्हाऊ द्या.” त्यानंतर कुणी बिस्किटाला हात लावला नाही.

*

होकायंत्र आणलं भरतने. जुन्या बाजारात फिरताना त्याला पितळी, झाकणवालं एक मिळालं. नानांनी झाकण उघडलं, काटा डुलताना पाहिला आणि त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. “ह्याला ऐकाया लागत न्हाई,” ते म्हणाले. “नुसतं बघायचं.”

आता ते गाडीवर बसवायचं कसं? टूलरूमच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. तिथं मोजमापाची कुठलीही वस्तू उभी करायला एक ठरलेला स्टँड असतो. खाली चौकोनी ठोकळा, त्यात जबरदस्त लोहचुंबक. लोखंडावर ठेवायचा, खटका फिरवायचा, की हलत नाही. भरतने असाच एक मोडीत निघालेला स्टँड आणला, नानांच्या पेट्रोलच्या टाकीवर चिकटवला आणि त्याच्या टोकावर होकायंत्र बसवलं.

होकायंत्राखाली लोहचुंबक! आणि चौघांपैकी एकालाही काही खटकलं नाही. उलट मी, क्वालिटीचा माणूस, वाकून बघितलं आणि म्हणालो, “बसलंय मस्त.” तो स्टँड रोज इतका बघतो आम्ही, की तो डोळ्यांना दिसायचाच बंद झालाय.

निघालो भीमाशंकरला. राजगुरुनगर सोडलं, वाडा गाव गेलं, रस्ता वळायला लागला. नाना मधूनमधून थांबून काटा बघायचे. काटा पुढेच. वळण घेतलं, काटा पुढे. उलटं वळण घेतलं, तरी काटा पुढे. आमच्याकडे एखाद्या मापाचा काटा थरथरला की आम्ही ते माप नापास करतो. त्यामुळे हे बघून माझा ऊर भरून आला. मी नानांच्या समोर जाऊन ओरडलो, “नाना, एवढा स्थिर काटा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.”

“लई गुणाचा हाय,” नाना म्हणाले.

दुपारपर्यंत आम्ही कुठल्या तरी धरणाच्या कडेला होतो. देवळाचा पत्ता नव्हता, पण आम्ही उत्तरेला चाललोय याबद्दल कुणाला शंका नव्हती. नंतर गाड्या वळवल्या, परतीला लागलो, तरी उत्तरेलाच. वैशालीने दोनदा मोबाइल काढून बघितला आणि दोन्ही वेळा नानांकडे बघून परत खिशात ठेवला.

संध्याकाळी एका माळावर थांबलो. समोर सूर्य बुडत होता. अगदी सरळ समोर, काट्याच्या टोकावर. वैशाली नानांच्या समोर येऊन मोठ्याने म्हणाली, “नाना, हा सूर्य उत्तरेला मावळतोय.”

नानांनी सूर्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, परत सूर्याकडे बघितलं. “त्योच चुकला आसंल,” ते म्हणाले आणि गाडीला किक मारली.

*

चुंबकाची भानगड दुसऱ्या दिवशी टूलरूममध्ये भरतच्या डोक्यात उजेड पडला तेव्हा कळली. त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मी म्हटलं, होकायंत्र माझ्याकडे दे, त्याची नीट तपासणी करतो. खरं सांगायचं तर तपासणी हा बहाणा. मला ते हातात धरून बसायचं होतं. एवढंसं यंत्र, ना बॅटरी ना रिचार्ज, आणि त्याला हजारो मैलांवरचं काहीतरी कळतं, ही गोष्ट मला अजून खरी वाटत नाही.

घरी आणलं आणि फ्लॅटभर घेऊन हिंडलो. हॉलमध्ये उत्तर टीव्हीकडे. स्वयंपाकघरात उत्तर फ्रिजकडे. बेडरूममध्ये पलंगाच्या डाव्या पायाकडे उत्तर, उजव्या पायाकडे ईशान्य. भिंतीतल्या सळ्या, लोखंडी कपाट, गॅसची टाकी, सगळ्यांची आपापली ओढाताण चाललेली. मी कागदावर नकाशा काढायला बसलो. बायको म्हणाली, “आपल्या घरात उत्तर नक्की कुठं आहे हे ठरेपर्यंत दळण आणून ठेवा.”

तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या. होकायंत्र दिसल्याबरोबर त्यांचे डोळे चमकले. देवघर योग्य दिशेला आहे का हे त्यांना कधीपासून बघायचं होतं. मी खूप समजावलं की बिल्डिंगमध्ये हे नीट चालत नाही. पण त्या ऐकतात होय? माझ्या हातातून घेऊन त्यांनी ते लावून बघितलंच. देवघराशी एक दिशा, हातभर सरकलं की दुसरी. काकूंनी कंटाळून होकायंत्र माझ्या हातात दिलं.

“तुमचं यंत्र चांगलं असेल हो,” त्या म्हणाल्या, “पण ते रहाटणीचं नाही.”

*

आता जीपीएसवाल्यांनी फार हसू नये. त्यांचाही दिवस आला.

चुंबकाच्या प्रकारानंतर भरत म्हणाला की एकदा वैशालीला पुढे जाऊ दे. नानांनी मान डोलावली आणि गाडी मागे घेतली. त्या दिवशी कार्ल्याला जायचं होतं. मी मुद्दाम नानांच्या शेजारून चाललो होतो. पुढे असताना नाना ताठ बसतात, दोन्ही कोपर बाहेर. मागे आले तर खांदे पाडून, दुसऱ्याची गाडी सर्व्हिसिंगला नेत असल्यासारखे चालले होते. मला ते बघवेना.

वैशालीने आदल्या दिवशी मॅपमध्ये वाटेतलं चहाचं ठिकाण टाकून ठेवलं होतं. टाकताना यादीतलं वरचंच नाव दाबलं. बाई बोलत गेली, आम्ही वळत गेलो. आमच्या एमआयडीसीतले रस्ते तर सगळे एका साच्यातून काढलेले. तेच कंपाउंड, तीच झाडं, तेच कंटेनर. आपण कुठं आहोत हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही आणि पाट्या कोण वाचतं? बाईने ‘तुम्ही पोचला आहात’ म्हटलं तेव्हा आम्ही आमच्याच कंपनीच्या गेटसमोर उभे होतो. सुट्टीच्या दिवशी. जॅकेट, हातमोजे, गुडघ्याला पॅड. यादीतलं वरचं नाव कंपनीचंच निघालं होतं.

सिक्युरिटीवाला खुर्चीतून उठला. त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “ओव्हरटाइम आहे का?”

आम्ही गाड्या वळवणार, तेवढ्यात आतून शिफ्ट इन्चार्ज धावत आला. तातडीच्या कामासाठी सुट्टीतही चालू ठेवलेल्या एका प्रेसमध्ये डाय अडकली होती. सकाळपासून माणसं झटत होती, गुरुवार म्हणून डाय सेटर कुणी मिळत नव्हता. त्याने नानांना पाहिलं आणि अक्षरशः हात जोडले.

नाना गाडीवरून उतरले. हेल्मेट आरशाला अडकवलं. जॅकेटसकट आत गेले. आम्ही बाहेर कट्ट्यावर बसून सिक्युरिटीवाल्याच्या डब्यातले शेंगदाणे खाल्ले. बऱ्याच वेळाने नाना आले ते हाताला ग्रीस, चेहऱ्यावर हसू आणि कोपर पुन्हा बाहेर.

वैशालीला ते म्हणाले, “पोरी, तुझी बाई मालकाची माणूस हाय.” कार्ला राहिलंच, कारण तोवर दिवस कलला होता आणि सगळ्यांना भूक लागली होती.

*

नानांशी गाडीवर बोलायचं कसं, हे आम्ही प्रेस शॉपकडून शिकलो. त्या आवाजात तिथं कुणी तोंडाने बोलत नाही. खुणा असतात. अंगठा ओठाला लावला की चहा. कॉलर नीट केली की साहेब आला. दोन्ही हात वर केले की प्रेस थांबवा. या शेवटच्या खुणेमागे कारण आहे. दोन्ही हात वर म्हणजे दोन्ही हात मशीनच्या बाहेर, कुणाचं बोट आत नाही, हे सगळ्यांना लांबून दिसतं.

हीच भाषा आम्ही रस्त्यावर आणली. चहाची खूण तर सर्वांत जास्त वापरात होती. एकदा नारायणगावच्या बाजूला जाताना पुढे रस्त्यावर डिझेल सांडलेलं नानांना दिसलं. मागच्यांना थांबवायला हवं. नानांनी काय करावं? त्यांनी वेग कमी केला आणि दोन्ही हात वर केले. हँडल सोडून!

मागे आम्ही तिघं शिकवल्याप्रमाणे थांबलो. आमच्यामागे एक टेम्पो थांबला. टेम्पोमागे पोलिसांची गाडी होती, तीही थांबली. नानांची गाडी पुढे आपोआप सरळ जाऊन कडेला उभी राहिली, एवढा तिचा बॅलन्स चांगला. हवालदार उतरले आणि तडक नानांकडे गेले. “दोन्ही हात सोडून गाडी चालवता काय या वयात?”

हेल्मेटमध्ये नानांना अर्थातच काही ऐकू गेलं नाही. ते हवालदारांकडे बघून हसले. हवालदारांचा पारा चढायला लागला. तसा भरत धावत मध्ये आला आणि म्हणाला, “साहेब, तसं न्हाई. ते सेफ्टीसाठी हात सोडलालेत.”

हवालदारांनी डिझेल बघितलं, आम्हाला बघितलं आणि विचारलं, “कुठल्या कंपनीत आहात तुम्ही?” आम्ही नाव सांगितलं नाही. कंपनीची अब्रू आमच्या हातात होती.

*

वाद काही मिटेना, तेव्हा वैशालीने कंपनीची पद्धत काढली. आमच्याकडे दोन पुरवठादारांमध्ये भांडण लागलं की दोघांचा माल घेऊन ट्रायल घेतात. तशी ट्रायल घेऊ, ती म्हणाली. एक टीम काट्यावर, एक टीम मॅपवर. कुरुळीहून एकाच वेळी निघायचं, भामा नदीच्या काठी एक देऊळ आहे तिथं भेटायचं. जो आधी पोचेल तो यापुढे कायम पुढे.

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली. पण नाना तोंडाकडे बघत होते, त्यांना ते कळलं होतं. “ठरलं,” ते म्हणाले.

काट्याकडे नाना आणि भरत. होकायंत्र आता सुतळीने नानांच्या गळ्यात, लोखंडापासून लांब. मॅपकडे वैशाली आणि मी. वैशाली त्या दिवशी इतकी हळू चालवत होती की सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. मी म्हटलं, “अगं, ट्रायल आहे.” ती म्हणाली, “म्हणूनच.” मला तेव्हा तिचं फार कौतुक वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली, की एवढं हळू जाऊनही आपणच आधी पोचलो तर काय करायचं?

बाईने आम्हाला उसाच्या दोन शेतांमधून नेऊन नदीच्या काठावर सोडलं आणि गप्प झाली. मॅपवर देवळाची खूण नदीच्या बरोबर मध्यभागी टोचलेली होती. देऊळ कुठंच नव्हतं. समोर बघतो तर पलीकडच्या काठावर दोन मोटारसायकली, आणि नाना गळ्यातल्या होकायंत्रात डोकं घालून उभे. काट्याने दिशा अगदी बरोबर दाखवली होती. मधे नदी आहे हे त्याने सांगितलं नव्हतं, आणि तो सांगणार तरी कसा?

दोन काठ, मधे पाणी, पूल दिसत नाही. फोनला रेंज नाही. भरत तिकडून ओरडत होता, आम्ही इकडून ओरडत होतो, कुणाला काही कळत नव्हतं. नाना पुढे आले आणि त्यांनी हातांनी बोलायला सुरुवात केली. मागे वळून जा, वरच्या अंगाला, तिकडे पूल. इतकं स्वच्छ, की मलासुद्धा समजलं. वैशालीला वाटलं आपणही खुणेनेच उत्तर द्यावं. तिला गडबडीत एकच खूण आठवली. तिने कॉलर नीट केली.

पलीकडे नानांनी चटकन तंबाखूची पुडी खिशात घातली आणि मागे वळून साहेब शोधायला लागले.

आमच्या काठावर एक म्हातारा म्हशी पाण्यावर घेऊन आला होता. त्याला देऊळ विचारलं. “ते व्हय? ते तर मागं ऱ्हायलं,” तो म्हणाला. “तुमी चौघं बी त्याच्या पुढं आलाय.” ट्रायलचा निकाल लागला नाही याचा आनंद वैशालीइतका कुणालाच झाला नसेल.

*

त्यानंतर एकदा मी नानांना विचारलंच. माझ्या चौकसपणाला औषध नाही. कँटीनमध्ये समोरासमोर बसून, मोठ्या आवाजात. “नाना, काटा नव्हता, मॅप नव्हता, तेव्हा तुम्ही आम्हाला कुठं कुठं नेऊन आणलंत. रस्ता कसा कळायचा तुम्हाला?”

नानांनी भाकरी मोडली, आमटीत भिजवली, खाल्ली. मग म्हणाले, “रस्ता म्हाईत कुणाला आसतो? मानूस पुढं आसला की मागच्यांना वाटतं, ह्याला म्हाईत हाय.”

भरत म्हणाला, “काय म्हणलालाव नाना? म्हणजे इतके दिवस आम्ही भरवशावर चाललालो?”

“भरवशावरच की,” नाना म्हणाले आणि ताक प्यायला लागले.

*

आता सगळ्यात भारी किस्सा. हा मी नेहमी शेवटी सांगतो, कारण याच्यानंतर दुसरा सांगायला तोंड उघडत नाही.

आमच्यात रिवाज आहे. रिटायर होणाऱ्याने शेवटची जागा निवडायची. नानांनी दिवेआगर निवडलं. समुद्रापर्यंत ते कधी पुढे राहून गेले नव्हते. ताम्हिणी घाट उतरायचा, माणगाव गाठायचं, मग म्हसळ्याकडून खाली. त्या पट्ट्यात फाटे खूप आणि खुणेला काही नाही. एक फाटा चुकला तर दिवस जातो. नानांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या मावशींचा, वैशालीला फोन आला. त्या म्हणाल्या, “त्येंना पुढंच ऱ्हाऊ द्या. पन हरवू बी नका.”

आता आली का पंचाईत? मॅप लागणार होता आणि नाना पुढे हवे होते. आम्ही तिघं डोकं धरून बसलो. शेवटी वैशालीनेच तोड काढली. नानांना एक जुनी सवय आहे. फाट्यावर वळायच्या आधी ते आरशात बघतात, मागचे सगळे आहेत ना म्हणून. वैशाली म्हणाली, “मी नानांच्या बरोबर मागे राहते. बाई माझ्या कानात. ती डावीकडे म्हणाली की फाट्याच्या आधीच मी डावा इंडिकेटर लावते. नानांना आरशात दिसेल. त्यांना वाटेल मागचे वळायच्या तयारीत आहेत, आपल्याला आधीच डावीकडे जायचं होतं.”

“आणि त्यांना कळलं तर?” मी विचारलं.

“कळू द्यायचं नाही,” ती म्हणाली. तिघांनी शपथ घेतली. मला रात्रभर धाकधूक. नानांना हे समजलं असतं तर त्यांनी आमच्याबरोबर येणंच बंद केलं असतं, असं मला पक्कं वाटत होतं.

निघालो. नाना पुढे, कोपर बाहेर, गळ्यात होकायंत्र. पौड आलं, मुळशी गेलं, घाट उतरलो. पहिला फाटा आला. नानांनी वेग कमी केला, छातीवरचं होकायंत्र उचलून डोळ्यांपुढे धरलं, काटा थांबेपर्यंत वाट बघितली. मग आरशात नजर टाकली. वैशालीचा डावा इंडिकेटर टिकटिकत होता. नानांनी डावा हात ऐटीत बाहेर काढला आणि डावीकडे वळले.

हेल्मेटच्या आत मी हसत सुटलो. पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच. आधी काटा, मग आरसा, मग हात. उजवीकडे म्हटलं उजवीकडे. असा प्रवास आम्ही कधी केला नव्हता. एकही फाटा चुकला नाही. माणगावला जेवायला थांबलो तेव्हा नाना होकायंत्राला हातरुमालाने पुसत होते. “आज काटा नाव काढतोय,” ते म्हणाले. आम्ही तिघांनी ताटातून मान वर केली नाही.

माणगाव सोडलं. म्हसळ्याच्या वाटेवर झाडीत एक फाटा लागला. दोन्ही रस्ते सारखेच, पाटी पडलेली. नाना थांबले. होकायंत्र उचललं, बघितलं. मग आरशात बघितलं.

इंडिकेटर लागेना. वैशालीचा मोबाइल उन्हाने तापून बंद पडला होता. ती हातमोजे काढून, जॅकेटच्या आड धरून तो चालू करायच्या धडपडीत. भरत माझ्याकडे बघतोय, मी भरतकडे. आता नाना आपल्या मनाने वळणार आणि गेला दिवस.

नाना वळले नाहीत. त्यांनी गाडी बंद केली, स्टँडवर लावली, खाली उतरले आणि मागच्या चाकाशी बसून चेन तपासायला लागले. आदल्या दिवशीच भरतने ताणून, तेल घालून दिलेली चेन. ती त्यांनी बोटाने हलवून पाहिली. पुन्हा हलवून पाहिली. मग टायर दाबून पाहिला. मग उठून रस्त्याकडेच्या आंब्याखाली पाणी प्यायले, सावकाश, बाटलीचं बूच लावत उघडत. आम्ही म्हटलं, वा, देवच पावला. वैशालीचा मोबाइल चालू झाला, बाई बोलायला लागली, उजवा इंडिकेटर टिकटिकला. नानांनी बाटली ठेवली, गाडीवर बसले, आरशात बघितलं, हात काढला आणि उजवीकडे वळले. होकायंत्राकडे मात्र वळायच्या आधी ते पुन्हा बघायला विसरले, असं भरत नंतर म्हणाला.

ऊन उतरायच्या आत दिवेआगरला पोचलो. सुरूच्या बनातून गाड्या पार वाळूच्या कडेपर्यंत नेल्या. नानांनी गाडी समुद्राकडे तोंड करून लावली आणि बराच वेळ तिच्यावरच बसून राहिले. मी डोळे पुसले आणि वाऱ्याला दोष दिला. भरतने नारळपाणी आणलं. वैशाली नानांजवळ गेली, त्यांच्या समोर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, “नाना, आणलंत की बरोबर.”

“व्हय,” नाना म्हणाले. त्यांनी नारळ संपवला, तोंड पुसलं, गळ्यातली सुतळी सोडवून होकायंत्र तिच्या हातावर ठेवलं.

“जाताना तू पुढं हो, पोरी. मी मागनं इंडिकेटर देतो.”